सातवं ठिगळ

ठिगळकाकूंचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं, पण ते ओळखपत्र कायम पर्सच्या तळाशी पडलेलं असायचं. संस्थेत सगळे त्यांना ठिगळकाकूच म्हणत. नाव ठेवलं होतं सरांनी. तेव्हा काकू सत्तावीस वर्षांच्या होत्या, म्हणून ते 'ठिगळबाई' होतं. पुढे केस पांढरे झाले, नवनवी मंडळी भरती झाली आणि बाईची काकू झाली.

काकू संस्थेत आल्या त्या सहा महिन्यांच्या बोलीवर. गणित घेऊन पदवी झाली होती, टायपिंग येत होतं. जुन्या वह्यांमधले ताऱ्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे, एवढंच काम. एके दिवशी छपाईच्या मशीनपाशी विभागाचे प्रमुख लांबलचक कागद हातात धरून उभे होते. त्यांनाच सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांचा प्रोग्रॅम सकाळपासून सारखा मधेच बंद पडत होता. काकू आपले कागद न्यायला आल्या होत्या. त्यांनी बाजूनं सहज डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, इथे शून्यानं भागलं जातंय."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठे?"

"या ओळीत. दोन ठिपके एकाच जागी आले की मधलं अंतर शून्य होतं."

"तुला हे वाचता येतं?"

"वाचता येतं. सगळं कळत नाही."

"मला कळतं सगळं, पण वाचायला गेलो की डोळे फिरतात," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकूंचं टेबल उचलून सरांच्या खोलीशेजारी आणलं गेलं, ते पुढची सव्वीस वर्षं तिथून हललं नाही. जिना आणि जुन्या फायलींची खोली यांच्यामधली ती अरुंद जागा होती. तिथे बसून काकू सरांचा प्रोग्रॅम जिथे जिथे फाटेल तिथे शिवत राहिल्या. म्हणून ठिगळबाई.

सरांचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे भोवरे, इतक्या वेगानं फिरतात की त्यांच्यातले तारे कधीच चहूकडे उधळले जायला हवे होते. दिसणाऱ्या ताऱ्यांची ओढ त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. म्हणजे तिथे आणखी काहीतरी आहे. ते उजळत नाही, त्याची सावली पडत नाही, ते फक्त ओढतं. त्याला कृष्णपदार्थ म्हणतात. तो बाटलीत भरून आणता येत नाही, भिंगाखाली ठेवता येत नाही. मग करायचं काय, तर कॉम्प्युटरमध्ये विश्वाची एक पेटी मांडायची. तिच्यात कोट्यवधी ठिपके जवळजवळ सारखे पसरायचे. एकेक ठिपका लाखो सूर्यांच्या वजनाचा कृष्णपदार्थ समजायचा. नियम एकच, प्रत्येकानं प्रत्येकाला ओढायचं. आणि मग द्यायचं सोडून. मशीन हिशोब करतं, प्रत्येक ठिपका एक पाऊल सरकवतं, पुन्हा हिशोब करतं, पुन्हा सरकवतं. हळूहळू ठिपके एकमेकांकडे झुकतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांना गाठी पडतात, गाठींच्या गुठळ्या होतात. मोठ्या गुठळीत वायू गोळा होतो, तारे पेटतात, दीर्घिका तयार होते. पेटीतली तेरा-चौदा अब्ज वर्षं मशीनवर चार महिन्यांत उरकत.

काकूंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. काच घासता घासता तो गिऱ्हाइकांना सांगे, "आमची ही विश्व चालवते. घरात गॅस बंद करायचं तेवढं राहतं."

या सगळ्यात एका ठिकाणी घोडं अडलं होतं. मांडलेल्या गणिताप्रमाणे प्रत्येक मोठ्या दीर्घिकेभोवती शेकडो छोट्या गुठळ्या फिरताना दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्ष आकाशात छोट्या दीर्घिका मोजक्याच सापडत. बाकीच्या गेल्या कुठे? जगभरची शहाणी माणसं यावर डोकं खाजवत होती. सरांच्या पेटीनं उत्तर दिलं. त्यांच्या पेटीत छोटी गुठळी मोठीच्या जवळ आली की तिच्या ओढीनं फाटायची आणि विरून जायची. शेवटी उरत मोजक्या, जवळजवळ आकाशात दिसतात तेवढ्याच. सरांचा तो लेख गाजला. त्यातलं चित्र पाठ्यपुस्तकात गेलं. सरांना देशोदेशी बोलावणी येऊ लागली, त्यांच्या विद्यार्थ्यांना चांगल्या जागा मिळाल्या. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत काकूंचे 'तांत्रिक साहाय्याबद्दल' आभार मानले होते. नवऱ्यानं ते पान दुकानात काचेखाली लावलं, तिथे ते ऊन लागून पिवळं पडलं.

सर निवृत्त झाले तरी रोज संस्थेत येत. मग एका सकाळी आंघोळ करून बाहेर येताना ते कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, असं डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर तोच शब्द वापरलेल्या काकूंना तो त्या दिवशी ऐकवेना. सर वाचले, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दोनच गोष्टी शिल्लक राहिल्या. एक म्हणजे 'बरोबर' हा शब्द आणि दुसरी म्हणजे अंक. कुणी 'एक' म्हटलं की सर 'दोन, तीन, चार' म्हणत पुढे जात. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाठ असलेलं राहतं. बाकी त्यांना किती कळतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सरांच्या पत्नी, ज्यांना काकू वहिनी म्हणत, त्या मात्र ठामपणे सांगत, "यांना सगळं कळतं. फक्त बाहेर येत नाही."

काकू दर शनिवारी दुपारी सरांकडे जात. आठवड्यात मशीनवर काय चाललं, कुठली फाईल बिघडली, कोण कुणाशी भांडलं, सगळं सांगत. सर प्रत्येक वाक्याला म्हणत, "बरोबर."

सरांच्या जागी त्यांचीच एक विद्यार्थिनी प्रमुख म्हणून आली होती. तिला सगळे मॅडम म्हणत. हुशार, कामाला वाघ, आणि सरांना बापाच्या जागी मानणारी. तिच्या खटपटीनं तळमजल्यावर नवं मशीन आलं, जुन्याच्या साठपट वेगाचं. सरांचा प्रोग्रॅम त्यावर हलवायचं काम अर्थातच काकूंचं.

"सरांची ती जुनी पेटी आधी याच्यावर चालवून बघूया," मॅडम म्हणाल्या. "तेच उत्तर आलं की मशीन पास."

जुन्या प्रोग्रॅमला सव्वीस वर्षांत अकरा मोठी ठिगळं लागली होती. बहुतेक सगळी जुन्या मशीनच्या अडचणींपायी. कधी जागा पुरायची नाही, कधी वेग. नव्या मशीनला कसलीच चणचण नव्हती, म्हणून काकूंनी ती ठिगळं जुन्यावरच ठेवली आणि मूळ कापड तेवढं हलवलं. स्वच्छ प्रोग्रॅम पाहून त्यांना बरं वाटलं. ठिगळं नसल्यानं अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला, तरी एकोणीस दिवसांत पेटी चालून संपली.

चित्र उघडलं आणि काकू खुर्चीत पुढे सरकल्या. मोठी दीर्घिका जागच्या जागी होती. धागे तेच, गाठी त्याच. पण मोठीच्या भोवती छोट्या गुठळ्यांचा नुसता सडा पडला होता. जुन्या चित्रात ज्या कोपऱ्यात चार गुठळ्या होत्या, तिथे आता सदतीस होत्या. एकही विरली नव्हती असं नाही. काही फाटल्या होत्या. पण बाकीच्या मोठीला वळसा घालून धडधाकट परत येत होत्या.

मशीनमध्येच दोष असणार, हा पहिला विचार. काकूंनी मशीनवाल्या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं तीन दिवस तपासलं आणि हात झटकले. "मशीन ठणठणीत आहे, बाई. तुमचं गणित बघा."

मग काकूंनी जुनी ठिगळं एकेक करून परत लावायला घेतली. मोठी पेटी पुन्हा पुन्हा चालवणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यातला तेवढाच कोपरा घेतला. एक ठिगळ लावायचं, चार दिवस थांबायचं, गुठळ्या मोजायच्या. पहिलं लावलं, सदतीस. दुसरं, सदतीस. तिसऱ्याला छत्तीस आल्या तेव्हा काकूंनी परत मोजलं, पण ती एक गुठळी नुसती दुसरीच्या मागे लपली होती. चौथं, पाचवं, सहावं. काकूंना वाटू लागलं, ठिगळांचा काही संबंध नसावा.

सातवं लावलं आणि गुठळ्या झाल्या चार.

ती फाईल काकूंनी उघडली. एकवीस वर्षांपूर्वीची त्यांची स्वतःची ओळ. शेजारी तारीख, आद्याक्षरं आणि सूचना: 'तात्पुरतं. नंतर काढणे.'

त्यांना तो आठवडा लख्ख आठवला. गुठळी जितकी लहान आणि घट्ट, तितके तिच्यातले ठिपके गरगर फिरतात. त्यांची पावलं अगदी बारीक टाकावी लागतात, नाहीतर वळणावर ठिपका वळायच्या ऐवजी सरळ बाहेर फेकला जातो. जुनं मशीन त्या बारीक पावलांपायी रखडलं होतं. मूठभर छोट्या गुठळ्यांसाठी अख्खी पेटी खोळंबली होती. परदेशातली परिषद जेमतेम साडेचार महिन्यांवर आली होती आणि पेटी संपायलाच चार महिने लागणार होते. सर दारात येऊन म्हणाले होते, "काहीतरी कर. शुक्रवारपर्यंत हे धावलं पाहिजे." आणि काकूंनी एक ओळ घातली होती: यापेक्षा बारीक पाऊल टाकायचं नाही. गुरुवारी दुपारीच पेटी धावायला लागली. सरांनी संपूर्ण मजल्याला चहा पाजला होता.

म्हणजे एकवीस वर्षं छोट्या गुठळ्या मोठीच्या ओढीनं मरत नव्हत्या. लांब पावलांमुळे त्या आधीच आतून सैल व्हायच्या; मोठीजवळून जाताना नुसता धक्का पुरायचा. आणि उत्तर आकाशाशी जुळत होतं. जुळलेल्या उत्तराची उलटतपासणी कुणी केली नव्हती. काकूंनीही नाही.

त्यांनी फाईल बंद केली, परत उघडली. ओळ तिथेच होती. मग पर्स उचलून त्या सरळ नवऱ्याच्या दुकानात गेल्या. तो एका फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होता.

"आज लवकर?" त्यानं मान वर न करता विचारलं.

काकूंनी सगळं सांगितलं. स्क्रू बसला तरी तो फ्रेम हातात धरून राहिला.

"पण करायला त्यांनी सांगितलं होतं ना?"

"त्यांनी 'काहीतरी कर' म्हटलं. ते 'काहीतरी' काय, ते मी ठरवलं."

"त्यांनी बघायला नको होतं का?"

"ते माझ्यावर सोडून निर्धास्त होते."

 नवऱ्यानं काकूंच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला, पुसला आणि परत दिला.

मॅडमना सांगायला काकूंनी एक अख्खा दिवस घालवला. दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. शेवटी आत गेल्या आणि दोन चित्रं टेबलावर ठेवली. मॅडमनी ऐकून घेतलं, चारच प्रश्न विचारले, चारही नेमके. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण यावरच उभं आहे," त्या म्हणाल्या.

"माहिती आहे. त्याच्या आकृत्या मीच काढून दिल्या होत्या."

"काकू, हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंय?"

"घरी."

"मी असं नाही म्हणत की लपवू या." मॅडम वळल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त फार सावकाश. "पूर्ण पेटी ठिगळासकट आणि ठिगळाशिवाय, दोन्ही चालवू. तेच आलं तर छापून सांगू, आमचं चुकलं. मला दोन महिने द्या."

ते दोन महिने काकूंनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पेटी एकदा सुरू झाली की कुणाच्या हातात काही नसतं. पडद्यावर टक्के सरकत राहतात. तेवीस, तेवीस पूर्णांक एक, तेवीस पूर्णांक दोन. एखादी फोडणी करपायला लागली तर भांडं खाली उतरवता येतं. इथे नुसतं बघायचं. काकू मनात म्हणत, माझंच काहीतरी चुकलेलं असू दे, वेगळं, नवं, आजचं. चुकलेलं नव्हतं. दोन्ही पेट्या संपल्या आणि उत्तर तेच आलं.

"सरांना आधी सांगायला हवं," मॅडम म्हणाल्या. "छापून आल्यावर कुणाकडून तरी त्यांच्या कानावर जाणं बरं नाही. तुम्ही सांगाल? मी गेले तर वहिनींना वाटेल काहीतरी कचेरीचं घेऊन आलेय."

"त्यांना कळलं की नाही, हे मला कसं कळणार?"

"ते नाही कळायचं," मॅडम म्हणाल्या.

शनिवारी काकू नेहमीच्या वेळी गेल्या. वहिनींनी दार उघडलं. बैठकीच्या खोलीत ते गाजलेलं चित्र चौकटीत लावलेलं होतं, सरांच्या खुर्चीच्या बरोबर वर. काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना आधी थोडक्यात सांगितलं. वहिनी कप विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"म्हणजे यांचं चुकलं?"

"माझं चुकलं. पण लेख त्यांचा आहे."

"मग न सांगितलंस तर काय बिघडेल?" वहिनींनी पदराला हात पुसले. "आता त्यांच्याकडे आहे काय दुसरं?"

"वहिनी, तुम्हीच म्हणता ना, त्यांना सगळं कळतं."

वहिनी बाजूला झाल्या.

काकू सरांसमोर स्टूल ओढून बसल्या. दोन्ही चित्रं त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवली. अकरा ठिगळं, त्यातलं सातवं, तो शुक्रवार, ते बारीक पाऊल, सगळं सांगितलं. 

"सर, गुठळ्या मोठीच्या ओढीनं फाटत नव्हत्या. माझ्या ओळीनं फाटत होत्या."

"बरोबर," सर म्हणाले.

"आपला लेख चुकीचा आहे, सर."

"बरोबर."

"आम्ही तसं छापणार आहोत. तुमचं काही म्हणणं असेल तर..." 

सरांचा डावा हात हलला. बोट नव्या चित्रावर आलं आणि एका गुठळीवर टेकलं. "एक," सर म्हणाले. बोट सरकलं. "दोन. तीन. चार." बोट गुठळ्यांवरून जात होतं, खरंच गुठळ्यांवरून, असं निदान वाटत होतं. अकरा-बाराला ते कागदाच्या कडेशी येऊन थांबलं. आकडे मात्र थांबले नाहीत. वीस, एकवीस. काकू वाट बघत राहिल्या, सदतीसला काय होतं ते. सर सदतीस म्हणाले, अडतीस म्हणाले, एक्केचाळीसला त्यांना दम लागला आणि ते गप्प झाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

काकूंनी वहिनींकडे बघितलं.

"रडू येतं त्यांना हल्ली," वहिनी म्हणाल्या. "परवा साबणाची जाहिरात बघून रडले. त्यावर जाऊ नकोस."

काकूंनी रुमालानं सरांचं तोंड पुसलं, चित्रं गोळा केली. कुठलं चित्र न्यायचं आणि कुठलं ठेवायचं हे ठरेना, तेव्हा दोन्ही घेऊन आल्या. जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून त्या बऱ्याच वेळ उभ्या होत्या. खालून वर येणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" काकू म्हणाल्या, "नाही, बूट चावतोय."

दुरुस्तीचं पत्र मॅडमनी लिहिलं. मूळ लेखाचे आणखी दोन लेखक दूरच्या संस्थांमध्ये होते. त्यांनी दोन-दोन ओळींत होकार कळवला. लेख छापणाऱ्या मासिकाला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. सरांच्या वतीनं वहिनींनी सही करावी म्हणून मॅडम स्वतः गेल्या. वहिनींनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं मी माझ्या हातानं खोडणार नाही." तेव्हा पत्राखाली छापून आलं, की पहिले लेखक प्रकृतीच्या कारणानं उत्तर देऊ शकले नाहीत.

त्या पत्रावर मॅडमनी लेखकांच्या ओळीत काकूंचं नाव घातलं. काकू नको म्हणाल्या.

"चूक शोधली कुणी?" मॅडमनी विचारलं.

"आणि केली कुणी?"

"तेही त्यात लिहिलंय. दोन्ही एकाच माणसाच्या नावावर, म्हणून तर हवंय."

नवऱ्यानं या वेळी पान काचेखाली लावलं नाही. घडी करून खणात ठेवलं.

पत्र छापून आलं आणि काकूंच्या टपालाला ऊत आला. सरांनी मोठ्या मनानं तो प्रोग्रॅम मागेल त्याला दिला होता. आठ-नऊ संस्थांमध्ये त्याच्या प्रती होत्या आणि प्रत्येक प्रतीत ते ठिगळ होतं. आमच्यातही आहे का, कितव्या ओळीत आहे, काढलं तर आमचं काय होईल, असं लोक विचारत. एकानं लिहिलं होतं, माझी चार वर्षं यात गेली आहेत. काकू प्रत्येकाला उत्तर देत: फाईलचं नाव, ओळीचा क्रमांक, काढायची रीत. चार वर्षांबद्दल काय लिहायचं ते त्यांना कळेना. त्याला त्यांनी फक्त ओळीचा क्रमांक कळवला.

आणि मुख्य प्रश्न परत जिथल्या तिथे आला होता. पेटीत गुठळ्या शेकडो, आकाशात मोजक्या. बाकीच्या असतील पण त्यांच्यात तारेच पेटले नसतील, म्हणून दिसत नसतील, असं काही जण म्हणत. असेलही. काकूंकडे त्याचं उत्तर नव्हतं.

पत्रानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी वहिनींचा फोन आला.

"उद्या येणार आहेस का?"

"हो, नेहमीसारखी."

"नको येऊस." वहिनी म्हणाल्या. "यांच्या भावाचा फोन आला होता. त्यानं कुठेतरी वाचलं. मला विचारत होता, दादानं फसवलं होतं का म्हणून. मी काय सांगू त्याला? तुझ्यावर राग नाही माझा. पण तू समोर आलीस की मला ते सगळं दिसतं."

"सर कसे आहेत?"

"तसेच आहेत. येऊ नकोस गं. कधी यायचं ते मी सांगेन."

काकू शनिवारच्या दुपारी घरीच बसू लागल्या. कपाटं आवरून झाली. आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. वहिनींनी काही सांगितलं नाही. चार महिन्यांनी सोमवारी सकाळी संस्थेच्या दारातल्या फळ्यावर सूचना लागलेली होती. सर शुक्रवारीच गेले होते. सगळं उरकूनही झालं होतं.

शोकसभा संस्थेच्या सभागृहात झाली. काकू तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसल्या. संचालक अगदी वेगळ्या विषयातले. त्यांना कुणीतरी जुनं टिपण काढून दिलं होतं. त्यांनी सरांच्या शिस्तीबद्दल सांगितलं, विनोदाबद्दल सांगितलं, आणि मग म्हणाले, "छोट्या गुठळ्या मोठ्या दीर्घिकेच्या ओढीनं नष्ट होतात, हा त्यांचा शोध विज्ञानाच्या इतिहासात अढळ राहील." मागच्या पडद्यावर ते गाजलेलं चित्र आलं, चार गुठळ्यांचं.

काकूंनी पहिल्या रांगेत बसलेल्या मॅडमच्या पाठीकडे बघितलं. मॅडमची मान ताठ झाली. क्षणभर त्या उठणार असं वाटलं. त्यांच्या शेजारीच वहिनी बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, पडद्याकडे बघत. मॅडम उठल्या नाहीत. लोकांनी उभं राहून शांतता पाळली. काकूही उभ्या राहिल्या. खोटं बोललं गेलं होतं असंही नाही, खरं बोललं गेलं होतं असंही नाही, आणि ते दुरुस्त करायची ही जागाही नव्हती, वेळही नव्हती.

बाहेर पडताना दाराशी गर्दी झाली. वहिनी माणसांना नमस्कार करत उभ्या होत्या. काकूंना चुकवून जायचं होतं, पण वाट तेवढी एकच होती. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं आणि जवळ ओढलं.

"त्यांना कळलं होतं का गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "त्या दिवशी तू सांगितलंस ते?"

इतकी वर्षं सगळ्यांना 'यांना सगळं कळतं' सांगणाऱ्या वहिनी. काकूंना वाटलं, हो म्हणावं. मग वाटलं, नाही म्हणावं. त्यातलं कुठलं ऐकून त्यांना बरं वाटेल, तेच समजेना.

"मला नाही सांगता येत, वहिनी."

वहिनींनी मान हलवली. मनगट अजून हातातच होतं. तेवढ्यात मागून कुणी नातेवाईक पुढे आले, वहिनी त्यांच्याकडे वळल्या आणि हात सुटला.

काकू तळमजल्यावर गेल्या. मशीनच्या खोलीत गार वारा घोंघावत होता. नवी पेटी, या वेळी वायू आणि तारे यांच्यासकट, सत्तेचाळीस टक्क्यांवर अडकून पडली होती. साठवायची जागा भरली होती. काकूंनी पर्स खाली ठेवली, शाल अंगाभोवती घट्ट घेतली आणि जुन्या फायली एकेक करून बघायला सुरुवात केली, यातली कुठली पुसता येईल ते.